निधान

उद्यमबागच्या फाउंड्रीत मी वाळूचे कोअर करते,
एकोणीस वर्षं झाली.
ओतलेलं लोखंड निवायच्या आत साच्यातून काढलं
तर पोटात चीर राहते, वरून दिसत नाही.
हे माझ्या हातांना माहीत होतं,
पायांना नव्हतं.

जुलैत वहीच्या मागच्या पानावर लिहिलं:
बेचाळीस किलोमीटर, चार तास.
म्हणजे किलोमीटरला पाच मिनिटं एक्केचाळीस.
भागाकार बरोबर होता.
पहिल्याच रविवारी पिरनवाडीच्या पुढे, नवव्या किलोमीटरला,
भागाकार भाताच्या बांधावर बसून ओकला.

लुमाण्णा सुभेदार सायकलवरून मागे येत होते,
उतरले नाहीत, एक पाय टेकला फक्त.
"दुसरी पाळी सुटल्यावर किती वाजता झोपतीस?"
"एक वाजतो."
"मग हे चार तास कुणाचे लिवलीस वहीत?"

त्यांनीच खाडाखोड केली. सात, लिहिलं.
"पहिले तीस, सातच्या खाली एक सेकंद नको.
आणि बोलत पळायचं. पुरं वाक्य.
वाक्य तुटलं की पाय मागं घ्यायचा."

म्हणून जोडीला शिवगंगा, पॅकिंग खात्यातली,
माहेर बैलहोंगल.
मी मराठीत निघते, ती कानडीत परत येते,
मधे कुठेतरी वाक्य पोचतं.
तिच्या सासूचे गुडघे, माझ्या पोराची डिप्लोमाची फी,
सुपरवायझरची नवी मिशी,
सगळं सातच्या चालीत.
राजहंसगडाचा चढ लागला की मला कळत नाही काय होतं,
मी सुटते.
ती मागून ओरडते: निधान!

तिच्याकडे निधान म्हणजे हळू.
आमच्याकडे पुरून ठेवलेलं धन.
हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.
सांगितलं तर हसेल,
आणि चढावर हसलं की दम जातो.

देसूरच्या वाटेवर एक दगड आहे.
गावाच्या नावावर कुणी डांबर फासलंय,
त्यावर कुणी चुना, त्यावर परत डांबर.
आकडा तेवढा कुणी पुसला नाही.
आम्ही आकड्याला हात लावून वळतो.

भाद्रपद गेला. डाव्या अंगठ्याचं नख गेलं.
येळ्ळूरच्या शिवारात बासमती निसवली,
पहाटे उपाशी पळताना तो वास
म्हणजे शिक्षाच.
नवरात्रात पोटरी धरली.
"दहा दिवस बस," सुभेदार म्हणाले,
"बसणं पण सरावातच येतंय."
सगळ्यात अवघड तेच गेलं.
दारात उभी राहून दुसऱ्यांचे पाय बघायची.

बत्तीसच्या दिवशी रेल्वेचं गेट पडलं.
मालगाडी. डबे मोजले, अठ्ठावन्न.
सात मिनिटं तशीच गेली,
एक किलोमीटर उभ्या जागी.
घड्याळ थांबवायला गेले तर सुभेदारांनी मनगट धरलं.
"त्या दिवशी पण पडंल की गेट. कुठलं तरी."
शिवगंगा म्हणाली, खरं आहे,
आणि पिशवीतून खारकेचे दोन तुकडे काढले.

कार्तिकातला रविवार. पावणेसहा. कॅम्पात धुकं,
छातीवर नंबर, चार टाचण्यांपैकी एक वाकडी.
बार झाला
आणि पोरं सुटली, भरल्या पिशवीतून मटकी सांडावी तशी.
दोन्ही बाजूंनी माणसं पुढे जात राहिली.
एक आजोबा गेले. भोपळ्याएवढ्या पोटाचा एक गेला.
पायांत सगळी जुलै उसळून आली,
पाच एक्केचाळीस, पाच एक्केचाळीस.

मी शिवगंगेला विचारलं,
सासूचे गुडघे काय म्हणतात?

तिनं सांगितलं. न थांबता,
पार क्रियापदापर्यंत.